मोरीचा आवाज बंद झाला की

(कराडमध्ये दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, आणि एवढ्या उकाड्यात घरचा पंखा सोडून आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘गुहागर-विजयपूर महामार्ग: शासकीय निधी आणि दर्जावाढ’. तो वाचून आमच्या घरची मंडळी घरीच थांबली. (हशा) विषय मीच दिला होता, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? पण निधीकडे वळण्याआधी मला एका मोरीबद्दल, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे काढणाऱ्या छोट्या पुलाबद्दल बोलायचंय. दहा मिनिटांत उरकतो.

हा रस्ता तुम्हाला काय सांगायचा! कुणी चिपळूण रोड म्हणतो, कुणी विटा रोड; तुमचं तोंड कुठल्या बाजूला आहे त्यावर ते ठरतं. कागदावर राष्ट्रीय महामार्ग 166 ई. गुहागरला समुद्रापाशी निघायचं, कुंभार्ली घाट चढायचा, कोयनानगर, पाटण, आपलं कराड, मग विटा, जत करत विजयपूर. घाटाखालच्या लोटे गावच्या कारखान्यांचा माल वर येतो, वरची साखर, भाजीपाला खाली जातो. आणि हंगामात मधेमधे आपला उसाचा ट्रॅक्टर असतोच. दोन ट्रॉल्या, मागे दिवा एकही नाही, पण गाणी अशी मोठ्यानं की पाटणला लागलेलं उंब्रजला ऐकू यावं. बाजूला हो म्हणायची सोय नाही, त्याला आपला हॉर्न ऐकू येत नाही.

तर मोरी. आमचे आबा मैलकुली होते. इथल्या तरुणांपैकी किती जणांनी हा शब्द ऐकलाय? हात वर करा. तीन. त्यातले दोघं माझे पुतणे. (हशा) मैलकुली म्हणजे बांधकाम खात्याचा माणूस, नावाप्रमाणे मैलाच्या हिशोबानं रस्ता सांभाळणारा. आबांकडे पाटणच्या वरच्या अंगाचे अडीच मैल होते. कुदळ, पहार, घमेलं आणि खाकी शर्ट. मृगाच्या आधी दोन्ही अंगांची गटारं ओढून काढायची, मोऱ्यांची तोंडं मोकळी करायची, साईडपट्टी भरायची, खड्डा बशीएवढा असतानाच बुजवायचा. तो घमेल्याएवढा झाला तर मुकादम सगळ्यांसमोर विचारायचा, “काय रे, झोपला होतास काय?”

आमची खोली रस्त्याला लागून. पावसाळाभर घरात मोरीची घळघळ. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतरचा दुसरा की तिसरा पावसाळा असेल. रात्री दीड-दोनला आबा दचकून उठले. कशानं? आवाज बंद झाला म्हणून! तुम्ही-आम्ही आवाजानं जागे होतो, मैलकुली आवाज थांबल्यावर जागा होतो. इरलं घेतलं, पहार घेतली, कंदील माझ्या हातात दिला. जाऊन बघतो तर वरनं वाहून आलेलं एक झाड मोरीत आडवं, त्याला पालापाचोळा अडकलेला आणि पाणी रस्त्यावरून पलीकडे पडायला लागलेलं. पलीकडची कड ढासळायला सुरुवात झाली होती. अलीकडे एक ट्रक उभा. ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला आणि आबा कमरेएवढ्या पाण्यात उतरलेले बघून गप झाला. मग त्यानंच दोरखंड काढला, झाडाला बांधला आणि ट्रक मागे घेऊन ते ओढून काढलं. भस्सकन पाणी सुटलं. आबा वर आले, विडी भिजलेली, म्हणाले, “आता झोपू.” ड्रायव्हरनं जाताना सुक्या बोंबलांचं एक गाठोडं दिलं. आबांनी आयुष्यात घेतलेली ती एकमेव लाच. पंधरा दिवस घरात बोंबील. मी आजही खात नाही.

पुढे मी शिकलो, त्याच खात्यात शाखा अभियंता झालो. आबा निवृत्त झाले, ती जागा भरलीच नाही. हळूहळू सगळीकडेच मैलकुली निवृत्त होत गेले. कुठलं ऑफिस ते सांगत नाही, पण एका वर्षी मी त्याच मोरीसाठी वर पत्र लिहिलं, चार मजूर दोन दिवस द्या. उत्तर आलं, “सदर कामास लेखाशीर्ष उपलब्ध नाही.” म्हणजे खर्च कुठल्या नावाखाली टाकायचा ते नाव नाही. श्रावणात मोरी तुंबली आणि अर्धा रस्ता ओढ्यात गेला. मग मात्र लेखाशीर्ष तत्काळ सापडलं: पूरहानी! चार मजुरांना जेवढे लागले असते त्याच्या कितीतरी पट पैसे आले. ते अंदाजपत्रक मीच केलं, सही माझीच आहे. हे सांगायला बरं वाटत नाही.

चिठ्ठी आली. “पाच मिनिटे, विषयावर यावे.” आलो, आलो.

निधी. 1927 साली सरकारनं रस्त्यांसाठी समिती नेमली, अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समिती म्हणाली, जो रस्ता वापरतो त्यानं पैसे द्यावेत; पेट्रोलवर गॅलनला दोन आणे जादा घ्या आणि ते रस्त्यालाच लावा. 1929 पासून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. 2000 साली त्याचा कायदा झाला, पेट्रोल-डिझेलवर उपकर. 2018 साली कायद्यात दुरुस्ती झाली, नावात ‘पायाभूत सुविधा’ शिरलं आणि त्याच ताटात रेल्वेसारखी कामंही जेवायला बसली. वाईट नाही, पण ताट तेच.

आता राष्ट्रीय महामार्गाचं काम द्यायच्या तऱ्हा. एक, सरकार सगळे पैसे देतं. दुसरी, ठेकेदार घालतो आणि टोलमधून काढतो. तिसरी मिश्र: काम चालू असताना सरकार 40 टक्के देतं, उरलेले 60 टक्के पुढं पंधरा वर्षं हप्त्यानं, व्याजासकट. मला ही तिसरी त्यातल्या त्यात बरी वाटते, कारण पंधरा वर्षं रस्ता सांभाळायलाही तोच बांधलेला असतो.

दुसरा मुद्दा वजनाचा, घाईत सांगतो. 1958 ते 60 मध्ये अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवले. निष्कर्ष असा की आसावरचं, म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, साधारण सोळापट; झीज वजनाच्या चौथ्या घातानं वाढते. अर्ध्या टनाचा मोटारीचा आस आणि दहा टनांचा ट्रकचा आस धरा. वजन वीसपट, म्हणून ट्रकच्या एका आसाची झीज म्हणजे मोटारीच्या एक लाख साठ हजार आसांची. आपल्याकडे 2018 मध्ये चार चाकांच्या एका आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 झाली. वजन अष्टमांशानं वाढलं, झीज दीडपटीच्या वर. ट्रकवाल्यांचा त्यात दोष नाही, भाडं टनावर मिळतं. पण झीज वाढवायची आणि देखभालीचं लेखाशीर्ष तेवढंच ठेवायचं, हा कुठला हिशोब?

आणि कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस, जतला त्याचा दहावा हिस्सा. डांबर तेच, पाणी वेगळं. जिथं पाणी आहे तिथं पैसा आधी गटाराला, मग डांबराला जायला हवा. पण पैसा येतो मार्चएण्डला, गटारं काढायची मेमध्ये. गटार काढल्याचा नारळ फोडायला आमदार आलेला मी तरी पाहिला नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे: दर्जावाढीच्या मंजुरीतच मोऱ्या आणि गटारं यांचं वेगळं लेखाशीर्ष हवं, दर काही किलोमीटरला एक माणूस हवा, आणि त्याचे पैसे 31 मेच्या आत मिळायला हवेत. पदाला नाव काहीही द्या. ‘जलनिस्सारण सहाय्यक’ द्या, पोरांना लग्न जमवायला बरं पडेल. (हशा)

दुसरी चिठ्ठी. पुढच्या कार्यक्रमाच्या तबलजींना शेवटची एसटी गाठायची आहे म्हणे. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. टोल कधी बंद होणार, एवढं सोडून काहीही विचारा.