ओझार्क्सचा येशू आणि तो उभारणारा माणूस
(बेंटनव्हिलमधल्या मराठी मंडळींसमोरचं व्याख्यान, थोडं संपादित)

मंडळी, आर्कान्सातल्या ओझार्क्स डोंगराळ भागातलं युरेका स्प्रिंग्स न पाहिलेलं इथे क्वचितच कोणी असेल. पाहुणे आले की तासाभराची ड्राइव्ह, झरे, जुनी घरं आणि मग मॅग्नेटिक माउंटनवरचा तो येशूचा पांढराशुभ्र पुतळा, 67 फुटी. आमच्या सासूबाईंनी तर चपला काढून नमस्कार केला आणि त्यात काहीच गैर नाही, पण हा पुतळा उभा कोणी केला हे आपण विचारतच नाही. पत्रिकेत विषय 'पुतळा आणि गावाचं अर्थकारण' असा छापलाय, तिथे येतोच.

आधी मूर्तिकार. एमेट सुलिव्हन. या माणसाने पूर्वी साउथ डकोटात, रॅपिड सिटीच्या टेकडीवर भलेमोठे डायनासोर केले होते! पुतळा नीट बघा, मान जवळजवळ नाहीच, झगा सरळसोट खाली आणि पाय गायब. पाय केले असते तर उंची वाढून डोक्यावर विमानांसाठी दिवा लावावा लागला असता असं लोक सांगतात. (हशा)

आता ज्याने हे करवून घेतलं तो, जेराल्ड एल. के. स्मिथ. मूळचा पाद्री, बोलायला उभा राहिला की हजारोंची सभा खिशात. लुइझियानाचा राजकारणी ह्यूई लाँग याचा उजवा हात, 1935 मध्ये लाँगचा खून झाला तेव्हा अंत्यविधीचं भाषण यानेच केलं. गोरगरिबांसाठी बोलणारा हा माणूस पुढे ज्यूंच्या द्वेषात असा बुडाला की 1942 पासून त्यासाठी मासिकच चालवलं, हिटलरने ज्यूंची कत्तल केली हेसुद्धा नाकारलं. 1944 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, दोन हजार मतंही पडली नाहीत, तरी गप्प बसला नाही. मला संताप येतो तो याचा, की येशू स्वतः ज्यू आईच्या पोटचा, आणि त्याचा एवढा पुतळा उभारणारा हा!

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं आहेत, तर अर्थकारण पटकन. हवापालटाला, झऱ्याच्या पाण्याला येणारी गर्दी कधीच ओसरली होती, गावाला उतरती कळा लागलेली. 1964 मध्ये स्मिथ आला, जुना वाडा घेतला, 1966 मध्ये पुतळा, 1968 मध्ये येशूच्या शेवटच्या दिवसांवरचं खुल्या रंगमंचावरचं नाटक. बसेस भरून लोक यायला लागले, मोटेलं चालली, हॉटेलं चालली, मग पोटापाण्याचा प्रश्न सुटल्यावर तोंड कोण उघडणार? तिथल्या रस्त्यासाठी सरकारी पैसा द्यायचं ठरलं तेव्हा ज्यू संघटनांनी विरोध केला, नाटकात येशूच्या मृत्यूचा दोष ज्यूंच्या माथी मारलाय अशी टीकाही झाली, आणि ती रास्तच होती.

पुतळा पाडा असं मी म्हणणार नाही, तिथे येणाऱ्या भाविकांचा काय दोष. पण पाहुण्यांना नेलंत की स्मिथचं नाव सांगा, तो 1976 मध्ये गेला, त्याची आणि बायकोची कबर पुतळ्याजवळच आहे, तीही दाखवा. प्रश्न चहाच्या वेळी घेऊ, हॉल रिकामा करायचाय.