कंट्रोल, शिफ्ट, एंटर

(दृश्य : नागपूर, मेडिकल चौकाजवळची गल्ली, तर्री वाढणारा हात, मागे अर्धं उघडलेलं शटर)

सकाळचे दहा वाजायचेत. तर्री-पोह्याच्या गाडीवर जेवढी गर्दी आहे ना, तेवढीच समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आहे. अ‍ॅडमिशनचे दिवस, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, मोबाईलमध्ये मार्कशीटची पीडीएफ, आणि प्रत्येकाला प्रिंट आत्ताच्या आत्ता पाहिजे.

आणि प्रिंटर अडकलाय. हिरवा लाईट चालू आहे, ट्रेमध्ये कागद आहे, टोनर कालच भरलाय, पण पान काही बाहेर येत नाही.

"ताई, काहून नाही निघून राहिली?"

"थांब ना बाळा, रांग अडकली आहे."

रांग म्हणजे काय ते स्क्रीनवर बघा. सगळ्यात वरच्या फाईलपुढे 'डिलीटिंग' असं लिहिलंय आणि ते तसंच आहे, हलत नाही, डिलीटही होत नाही, आणि तिच्या मागे बाकीच्या सगळ्या फायली उभ्या. ताईंनी प्रिंटर बंद करून परत चालू केला, तरी तेच. कारण अडचण प्रिंटरमध्ये नाहीच, ती कॉम्प्युटरमध्ये आहे. विंडोजमध्ये स्पूलर नावाची एक सर्व्हिस मागे सतत चालू असते, ती सगळ्यांच्या फायली आधी स्वतःकडे ठेवून घेते आणि मग एकेक करून प्रिंटरला देते, त्यातली एक फाईल खराब निघाली की सगळं काम तिथेच थांबतं.

(दृश्य : ताईंची बोटं, कीबोर्ड, एन्टरच्या बटणावरचं अक्षर घासून गेलेलं)

आता ताई ती काळी विंडो उघडतात, कमांड प्रॉम्प्ट, जिथे कॉम्प्युटरला काम टाइप करून सांगतात. स्टार्ट दाबलं, सीएमडी टाइप केलं, एंटर. उघडली. मग लिहिलं, नेट स्टॉप स्पूलर, म्हणजे स्पूलर थांबव. आणि उत्तर आलं : सिस्टम एरर ५, अ‍ॅक्सेस इज डिनाइड.

इथेच बहुतेक लोक हात टेकतात. मला हे पक्कं माहीत आहे कारण मीही टेकले होते. कॉलेजात असताना माझ्या लॅपटॉपला अगदी हेच झालं होतं, हीच एरर, मी तो उचलून एका रिपेअरिंगवाल्याकडे नेला आणि त्याने काही न विचारता सगळा फॉरमॅट मारला, प्रोजेक्ट गेला, फोटो गेले. दोन मिनिटांचं काम होतं हो ते. म्हणून ही फिल्म.

ही एरर म्हणजे काही बिघडलंय असं नाही. कॉम्प्युटर एवढंच म्हणतोय की तुम्ही मालक असाल, पण आत्ता मालक म्हणून आला नाहीत.

ताईंनी ती विंडो बंद केली. परत स्टार्ट, परत सीएमडी, पण यावेळी एंटर नाही. डाव्या हाताची दोन बोटं कंट्रोल आणि शिफ्टवर, ती दाबून ठेवायची, आणि मग उजव्या हाताने एंटर. बस. हे जमत नसेल तर माऊसने नावावर राईट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर निवडायचं, एकच गोष्ट आहे. तिसरा रस्ता विंडोजचं बटण आणि एक्स, त्या मेनूमध्ये विंडोज ८.१ मध्ये कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन असं सरळ लिहिलेलं असायचं, २०१७ च्या अपडेटनंतर विंडोज १० मध्ये तिथे पॉवरशेल आलं आणि विंडोज ११ मध्ये टर्मिनल अ‍ॅडमिन, पण त्याही कमांड लिहायच्याच विंडो, नेट स्टॉप त्यातही चालतं, घाबरायचं काही नाही.

(दृश्य : अंधारलेली स्क्रीन, मधोमध चौकट. कॅमेरा हातात धरलेला, थोडा हलतो)

आणि आता हे. सगळी स्क्रीन अंधारली, मधे एक चौकट. या चौकटीचं शूटिंग आम्हाला कॅमेऱ्याने करावं लागलं, कारण कॉम्प्युटरवर लावलेल्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये ती आलीच नाही. का नाही आली, तेच तर सांगण्यासारखं आहे. ही चौकट तुमच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर उघडतच नाही, विंडोज तिच्यासाठी वेगळा डेस्कटॉप काढते, जिथे बाकीचे प्रोग्राम पोहोचू शकत नाहीत, म्हणजे एखादा व्हायरस तुमच्या वतीने गुपचूप 'येस' दाबू शकत नाही. दाबायचं तर माणसानेच दाबायचं.

हे पहिल्यापासून नव्हतं. २००१ साली विंडोज एक्सपी आली तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवर जवळपास प्रत्येकजण पूर्ण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसलेला असायचा, गाणी ऐकताना अ‍ॅडमिन, गेम खेळताना अ‍ॅडमिन, सायबर कॅफेतून पेन ड्राईव्ह आणून लावला तरी अ‍ॅडमिन, आणि त्या पेन ड्राईव्हमधून जे काही आत यायचं तेही त्याच हक्काने आत यायचं. २००७ मध्ये व्हिस्टा आली आणि तिच्याबरोबर ही चौकट आली, यूजर अकाउंट कंट्रोल. लोक वैतागले, कारण ती सारखी विचारायची. म्हणून २००९ मध्ये विंडोज ७ ला एक स्लायडर दिला, किती वेळा विचारायचं ते ठरवायला. पण आतली कल्पना तीच राहिली आणि मला ती फार आवडते : तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन करता तेव्हा विंडोज तुमच्यासाठी दोन ओळखपत्रं बनवते, एक साधं आणि एक पूर्ण हक्काचं. दिवसभर सगळं काम साध्यावर चालतं. पूर्ण हक्काचं बाहेर काढायचं तर आधी तुम्हाला विचारलं जातं.

चौकटीत काय लिहिलंय ते ताई वाचतात. खरंच वाचतात, ओठ हलताना दिसतायत बघा. विंडोज कमांड प्रोसेसर. खाली व्हेरिफाइड पब्लिशर, मायक्रोसॉफ्ट विंडोज. वरची पट्टी निळी. हे तिन्ही जुळलं म्हणजे आपणच मागितलेली गोष्ट आहे. पट्टी पिवळी असेल आणि पब्लिशर अननोन असेल तर हात थांबवायचा. आणि अकाउंट साधं असेल तर इथे येस-नो ऐवजी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतात, ताईंच्या भाच्याचं तसं केलंय, तो संध्याकाळी दुकानात बसतो.

येस.

(दृश्य : काळी विंडो, वरची पट्टी मोठी करून)

दिसायला सेम टु सेम. पण वर बघा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, कमांड प्रॉम्प्ट. आणि मघाशी ओळ यूजर्स आणि ताईंच्या नावाने सुरू होत होती, आता ती सी ड्राईव्ह, विंडोज, सिस्टम ३२ अशी आहे. या दोन खुणा मी सगळ्यांना सांगते.

नेट स्टॉप स्पूलर. दोन-तीन सेकंद. स्टॉप्ड सक्सेसफुली.

अडकलेल्या फायली प्रिंटर्स नावाच्या फोल्डरमध्ये असतात, आता तिथे जायचं : सीडी, स्पेस, स्पूल, बॅकस्लॅश, प्रिंटर्स. आपण सिस्टम ३२ मध्येच उभे आहोत म्हणून एवढंच पुरतं. इथे ताई थांबतात, ओळीच्या शेवटी प्रिंटर्स आलंय की नाही ते बोट ठेवून बघतात आणि मगच डेल, स्टार डॉट स्टार, म्हणजे इथल्या सगळ्या फायली डिलीट, असं लिहितात. बोट का ठेवतात? कारण वरच्या कमांडमध्ये स्पेलिंग चुकलं असतं तर त्या अजून सिस्टम ३२ मध्येच असत्या, आणि तिथल्या फायली गेल्या तर विंडोज नव्याने टाकायची पाळी येऊ शकते. कॉम्प्युटर विचारतो, आर यू शुअर. वाय. एंटर.

अडकलेल्या फायली जोडीने असतात, एकीत छापायचा मजकूर, दुसरीत ती कुणाची, कुठल्या प्रिंटरची, ही माहिती. सगळ्या गेल्या. पोरांनी पाठवलेल्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर जशाच्या तशा आहेत, त्याला काही धक्का नाही.

नेट स्टार्ट स्पूलर. आणि पीडीएफ परत एकदा प्रिंटला.

(दृश्य : प्रिंटर, आवाज, पहिलं पान. निवेदन थांबतं. दहा सेकंद फक्त दुकानाचा आवाज)

फोन करून कुणी ही विंडो उघडायला लावली, मी सांगतो ते टाइप करा म्हणाला, तर फोन ठेवायचा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं.

पोरं पानं घेऊन मेडिकलच्या दिशेने निघाली. ताईंच्या टेबलाला काचेखाली एक चिठ्ठी आहे, पोरांच्या वहीतल्या दुरेघी पानावर, त्यांच्याच अक्षरात : स्टॉप, सीडी, बघणे, डेल, स्टार्ट. 'बघणे' खाली दोन रेघा.

"आधी मी बी भ्यायची ना," ताई म्हणतात, "वाटे काळं पान उघडलं म्हणजे कॉम्प्युटर गेला."

काळी विंडो अजून उघडीच आहे. तिच्यातून आता जे काही चालू कराल ते पूर्ण हक्कानेच चालू होईल, म्हणून ताई पुढच्या गिऱ्हाईकाला हातानेच थांब म्हणतात, एक्झिट लिहितात, एंटर मारतात, आणि मग त्याचा मोबाईल हातात घेतात.