पाऊस सरला, कपाटं उघडली

नमस्कार श्रोतेहो.

हस्त लागलाय. दुपारनंतर गडगडून एखादी सर अजून येते, पण सकाळचं ऊन आता भरवशाचं झालंय. आमच्या वाचनालयाचं वर्ष खरं तर इथून सुरू होतं. कागदोपत्री ते एप्रिल ते मार्च असतं, हिशेब आणि अनुदानाचे तक्ते त्याच मापानं भरावे लागतात. पण दक्षिण कोकणातल्या तालुक्याच्या गावचं वाचनालय चार महिने पावसात काढतं. या दिवसांत देवघेवीच्या खिडकीपाशी छत्र्यांचं थारोळं आणि त्यामागे तीन-चार ठरलेले वाचक, एवढीच वर्दळ असते. आता माणसं परत येऊ लागतील. म्हणून पुढच्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे काय काय आहे, ते सांगायला मी, तुमच्या वाचनालयाची ग्रंथपाल, आज इथे आले आहे.

कार्यक्रम सांगतेच, पण आधी पावसाळ्याची खबर.

छप्पर यंदा गळलं नाही. पण कोकणात पाणी वरून आलं नाही तरी हवेतून येतंच. भिंती ओल धरतात, भिंतीला टेकलेलं कपाट ओल धरतं आणि कपाटातलं पुस्तक सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात जास्त. मग पुठ्ठ्यावर पांढरी-हिरवी बुरशी दिसते. तिच्या जोडीला कसर असतेच, ती चंदेरी, चपळ, दिवा लावला की फटीत पळणारी. कसरीला साहित्यात रस नाही. तिला बांधणीची खळ हवी असते, कागदावरचा पिठूळ थर हवा असतो. त्यामुळे जुनी, खळीनं बांधलेली पुस्तकं ती आधी गाठते.

या वेळी कपाटं उघडली तेव्हा एक गोष्ट अगदी स्पष्ट दिसली. रहस्यकथा, पाककृतींची पुस्तकं, ज्यांच्यासाठी नंबर लागतात त्या कादंबऱ्या, या सगळ्यांचे कोपरे दुमडलेले, पानांवर चहाचे डाग, पाठ खिळखिळी. पण बुरशी नाही. बुरशी धरली ती जाडजूड चरित्रांना आणि निबंधसंग्रहांना. आम्ही ज्यांना कौतुकानं काचेच्या कपाटात ठेवलं आणि वर्षानुवर्षं ज्यांच्या परतीच्या चिठ्ठीवर नवा शिक्का पडला नाही, अशा ग्रंथांना. कारण साधं आहे. पुस्तक घरी गेलं की उघडतं, पानं उलटतात, वारा लागतो आणि कसरीला निवांत बसायला मिळत नाही. बंद कपाटात हवा कोंडते आणि ओल तिथेच मुरते.

ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली पाच सूत्रं मांडली. त्यांतलं पहिलंच असं की ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. 12 ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. आमच्याकडे तो नेमका मुसळधार पावसात येतो, त्यामुळे हार घालायला मी आणि आमचा शिपाई असे दोघेच असतो. ते सूत्र लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर वाचक होता, बुरशी नव्हती. पण आमच्या कपाटांपुरतं ते बुरशीलाही लागू पडतं.

तेव्हा या महिन्याची पहिली विनंती. ऑक्टोबरातल्या प्रत्येक रविवारी सकाळी आठ ते अकरा आम्ही ग्रंथसफाई करणार आहोत. हात हवेत. येताना जुना मऊ ब्रश आणि नाकातोंडावर बांधायला स्वच्छ रुमाल किंवा मास्क आणा. ज्यांना दमा आहे त्यांनी या कामाला कृपा करून येऊ नये, बुरशीची धूळ छातीत जाते. तुमच्यासाठी दुसरं काम ठेवलंय, नोंदवही तपासायचं.

घरी पुस्तकं असणाऱ्यांनीही चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पुस्तकं कडक उन्हात पापडासारखी पसरू नका. ऊन लागून कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो. पडवीत, सावलीत, वाऱ्यावर उभी उघडून ठेवा. बुरशी ओल्या फडक्यानं पुसू नका, त्यानं ती पानात मुरते. आधी पूर्ण वाळू द्या, मग घराबाहेर नेऊन ब्रशनं झाडा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कडुनिंबाचा पाला आणि वेखंड ठेवण्याची आपली जुनी रीत आहे, ती चालू ठेवायला हरकत नाही. मात्र पाला खडखडीत वाळलेला हवा. ओला पाला ठेवलात तर ओल तुम्हीच आत नेलीत. डांबरगोळ्या आम्ही बालविभागात ठेवतच नाही. लहान मुलं त्या गोळ्या समजून तोंडात घालू शकतात.

आता ज्याची बरेच जण वाट बघताय तो विषय. दिवाळी अंक.

दिवाळी अंक योजनेची नावनोंदणी सुरू झाली आहे. वर्गणी गेल्या वर्षीचीच आहे. अंकांच्या किमती वाढल्यात, तरी कार्यकारिणीनं वर्गणी वाढवायची नाही असं ठरवलं, याबद्दल मी त्यांचे इथूनच आभार मानते. नव्यांसाठी सांगते. एकदा वर्गणी भरायची आणि महाशिवरात्रीपर्यंत आमच्याकडे आलेले सगळे अंक आळीपाळीनं वाचायचे. एका वेळी एक अंक, चार दिवसांसाठी. पाचव्या दिवशी तो परत हवा, कारण त्याच्यासाठी दुसरं कोणीतरी थांबलेलं असतं.

महाराष्ट्रात दिवाळी अंकाची ही चाल 1909 साली पडली. 'मनोरंजन' मासिकाचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी तो पहिला अंक काढला. आडनाव बंगाली वाटतं ना? मित्रांना बंगालीची मोठी ओढ होती. मूळ आडनाव आजगावकर. आजगाव म्हणजे आपलं सावंतवाडी तालुक्यातलं. तेव्हा आपल्या भागातल्या माणसांनी दिवाळी अंक वेळेवर परत करायला हवेत, असं मी हक्कानं म्हणू शकते.

गेल्या काही वर्षांचा अनुभव असा, की अंक हरवत नाहीत, ते मुंबईला जातात. चाकरमानी दिवाळीला घरी येतात, ओसरीवर पडलेला अंक हातात घेतात, अर्धी कथा होते आणि परतीची गाडी येते. मग तो अंक पिशवीत घालून नेला जातो, 'पुढच्या खेपेला आणतो' म्हणून. पुढची खेप होळीला. पाहुण्यांना वाचू द्या, जरूर द्या. चार दिवस गावी असाल तर स्वतःच तात्पुरते सभासद व्हा. त्याची सोय यंदा केली आहे, ओळखपत्र आणि अनामत एवढंच लागेल, अनामत जाताना परत मिळेल. पण अंक गाडीत बसवू नका.

दुसरी गोष्ट कात्रीची. वार्षिक राशिभविष्याचं पान दर वर्षी कुणीतरी कापून नेतं. फराळाच्या पाककृतींचीही तीच गत. शब्दकोडं तर पहिल्याच वाचकानं पेनानं भरलेलं असतं, आणि बहुधा चुकीचं. यंदा अंक आला की भविष्याच्या पानाची झेरॉक्स काढून बाहेरच्या फलकावर लावणार आहोत. तिथे उभं राहून बाराही राशी वाचा, शेजाऱ्याचीसुद्धा. कोड्याच्याही प्रती काढून खिडकीपाशी ठेवू.

आणि एक आतली सूचना. सगळे पहिल्या आठवड्यात त्याच पाच-सहा नावाजलेल्या अंकांवर झडप घालतात आणि मग 'तुमच्याकडे काही मिळतच नाही' म्हणतात. त्या आठवड्यात कमी नावाचे अंक न्या. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणारे, एकाच विषयाला वाहिलेले, शेतीचे, प्रवासाचे, विनोदी. नावाजलेले अंक नाताळापर्यंत निवांत मिळतात. मी स्वतः असंच करते. माझं मत असं, की गेल्या काही वर्षांत वाचायला जास्त ऐवज या दुसऱ्या रांगेतल्या अंकांतच असतो. जाहिराती कमी, म्हणून मजकुराला जागा जास्त. कुणाला पटणार नाही, त्यांनी खिडकीशी येऊन भांडावं. दिवाळी अंकांवरून भांडण झालं तर मला आवडेलच.

आता कार्यक्रम.

मराठीला केंद्र सरकारनं 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हापासून 3 ऑक्टोबरचा आठवडा राज्यात अभिजात मराठीचा म्हणून साजरा होतो. या दर्जासाठी नाणेघाटातल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांपासून पुरावे मांडले गेले. भाषणं तुम्ही इतरत्र ऐकालच. आम्ही त्या आठवड्यात रोज दुपारी तीन वाजता गावातल्या आज्यांना बोलावलंय. जात्यावरच्या ओव्या, म्हणी, कोडी, भाताच्या जातींची आणि माशांची नावं, पावसाच्या तऱ्हांना असलेले मालवणी शब्द, जे आठवेल ते सांगायचं. कॉलेजची मुलं ते लिहून घेतील आणि ध्वनिमुद्रणही करतील. बैठक तळमजल्यावर आहे, जिना चढायला लागणार नाही. आज्यांनो, 'आमका काय येता' असं म्हणू नका. आणि ज्यांच्या घरी अशी आजी आहे पण ती बाहेर पडू शकत नाही, त्यांनी कळवा. मुलं घरी येतील.

15 ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. रामेश्वरमला लहानपणी वर्तमानपत्रं घरोघर टाकणारा हा मुलगा पुढे राष्ट्रपती झाला. यंदा तसबिरीला हार घातला की भाषण नाही. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, तासभर, सगळ्यांनी आपापलं पुस्तक घेऊन दिवाणखान्यात बसायचं आणि वाचायचं. मोबाइल बाहेरच्या टोपलीत. पालकांनी मुलांना सोडून जायचं नाही, स्वतःही वाचायचं. ही अट मुलांनीच घातली आहे.

कोजागरीला अंगणात काव्यवाचन आणि दूध. स्वतःची कविता वाचणाऱ्याला दोन कविता, दुसऱ्याची वाचणाऱ्याला तीन. हा नियम का केला ते नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहे. कप घरून आणा. पाऊस आलाच तर आत बसू, दूध कुठेही गोडच लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत बालविभाग सकाळीही उघडा राहील. किल्ल्यांची माहिती देणारी पुस्तकं त्या दिवसांत घरी मिळणार नाहीत, तिथेच बसून बघायची. कारण अंगणात किल्ला बांधताना शेजारी ठेवलेलं पुस्तक कशा अवस्थेत परत येतं, ते मी पाहिलंय. नकाशाची प्रत काढून देऊ.

अभ्यासिकेतल्या मुलामुलींसाठी. तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी, ज्याची तयारी करत असाल ती करा. अभ्यासिका रात्री दहापर्यंत चालू आहे. लक्ष्मीपूजन आणि पाडवा सोडून दिवाळीतही बंद नाही. वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवे चालतील, पंखे नाहीत. ऑक्टोबरचा उकाडा आहे, खिडकीजवळच्या जागांवरून वाद नकोत, त्या आठवड्यानं बदलतील.

वाड्यांवर जाणारी ग्रंथपेटी भातकापणी होईपर्यंत थांबवली आहे. कापणी, झोडणी चालू असताना संध्याकाळी कुणाच्या अंगात वाचायचं त्राण नसतं आणि पेटी नुसती अंगणवाडीत पडून राहते. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा निघेल. तेव्हा दशावताराचा हंगामही सुरू होतो. म्हणून यंदाची व्याख्यानं जत्रांच्या तारखा बघून लावली आहेत. मागे एका वक्त्यांना आम्ही नेमकं मोठ्या जत्रेच्या रात्री बोलावलं होतं, समोर रिकाम्या खुर्च्या आणि दुरून मृदंग. वक्ते समजूतदार निघाले, व्याख्यान आवरून आमच्याबरोबर नाटक बघायला आले.

पुस्तकं भेट देणाऱ्यांसाठी दोन शब्द. दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या दारात गोणी येतात. उघडावं तर दहा वर्षांपूर्वीची गाइडं आणि जुन्या टेलिफोन डायऱ्या. चांगलं पुस्तक द्या, आनंदानं दाखल करून घेऊ, वर तुमचं नावही लिहू. पण आधी यादी आणा. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली आमचा वर्ग ठरताना ग्रंथसंख्या बघतात, तशी सभासदसंख्याही बघतात. तुमच्या गोणीपेक्षा तुमच्या घरातला एक नवा सभासद आमच्या जास्त कामाचा आहे.

काचेच्या कपाटातली ती चरित्रं आणि निबंधसंग्रह झाडून, वाळवून आता देवघेवीच्या खिडकीसमोरच्या टेबलावर मांडतोय. डिसेंबरअखेरपर्यंत त्यांतलं एक पुस्तक तुमच्या नेहमीच्या पुस्तकाच्या वर जादा मिळेल, महिनाभरासाठी, विलंब शुल्क नाही. वाचून पुरं झालं नाही तरी चालेल. घरी उघडून तरी ठेवा.

वाचनालयाची वेळ सकाळी साडेआठ ते साडेअकरा, संध्याकाळी चार ते साडेसात. सोमवारी देवघेव बंद, वर्तमानपत्रांचं मुक्तद्वार वाचन चालू. दिवाळी अंकांच्या नोंदणीसाठी जुन्या सभासदांनी कार्ड आणावं, आणि ज्यांच्याकडे गेल्या वर्षीचा एखादा अंक अजून आहे त्यांनी तोही आणावा. दंड घेणार नाही, कुठे होता असंही विचारणार नाही.

नमस्कार.