सातजणींचा मोर्चा

(दृश्य: कुलाबा, रीगल सिनेमाजवळची जुनी दगडी इमारत)

आज इथं महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. १९६६ साली याच इमारतीत विधिमंडळ भरायचं, लोक तिला कौन्सिल हॉल म्हणत. त्या वर्षी १८ एप्रिलला इथं एक मोर्चा आला. मोर्चा म्हणायचा खरा, पण त्यात मुस्लिम बायका होत्या फक्त सात. मागण्या: तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्यांना एकच कायदा लावा.

मोर्चा काढला होता मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांनी. सातजणींत त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाही होत्या. या दोघांचा निकाह झाला १९५६ साली. महिनाभरात त्यांनी तेच लग्न विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा नोंदवलं. या कायद्यात घटस्फोट मिळतो तो कोर्टातूनच. म्हणजे तोंडी तलाकाचा विषय त्यांनी आपल्या घरापुरता दहा वर्षं आधीच मिटवला होता.

इतरांच्या घरी तलाक कधी पत्रानं यायचा, पुढे पुढे फोनवर. कोर्टात तर त्याहून सोपी युक्ती. बायकोनं पोटगी मागितली की नवऱ्यानं लेखी उत्तरात एक ओळ घालायची, ‘हिला मी आधीच तलाक दिला आहे.’ बाईला आपला तलाक झाल्याचं कळायचं ते वकिलाच्या तोंडून! २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठानं ही पळवाट बुजवली. तलाक दिला म्हणतोस ना, मग सिद्ध कर. कारण काय होतं? दोन्हीकडची माणसं बसली होती का, समेटाचा प्रयत्न झाला का? ही अट तर कुराणातलीच. या निकालाची चर्चा मात्र फारशी झाली नाही. शाहबानोचा पोटगीचा खटला सगळ्यांना पाठ आहे, औरंगाबाद कुणाला आठवत नाही.

(दृश्य: सर्वोच्च न्यायालय, दिल्ली)

२२ ऑगस्ट २०१७. पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. हमीदभाई जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. मेहरुन्निसाभाभी गेल्या त्याच वर्षी, ८ जूनला. अडीच महिन्यांनी चुकामूक झाली.

२०१९ च्या कायद्यानं असा तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. पण नवरा आत गेल्यावर घरखर्च कुणी द्यायचा, हा बायकांचा प्रश्न रोकडा आहे आणि त्याला नेमकं उत्तर या कायद्यात सापडत नाही. सातजणींची दुसरी मागणी बहुपत्नीत्वाची. त्याविरुद्धच्या याचिका घटनापीठाकडे सोपवल्या गेल्या २०१८ मध्ये, म्हणजे मोर्चानंतर ५२ वर्षांनी.