कळसूबाईचा केर

[पहाट. लोखंडी शिडीवर बॅटऱ्यांची रांग.]

नवरात्रातली पहाट. शिडीवर पाऊल ठेवायला जागा नाही. वरच्याची टाच खालच्याच्या कपाळाशी येते, मग खालून आरडाओरडा. कोणी लेकराला पाठुंगळी घेतलंय, कोणाच्या पिशवीत ओटीचं सामान, आणि मधूनच पाठीवर सॅक टाकलेली पुण्या-मुंबईची पोरं.

डोंगर कळसूबाईचा. उंची 1646 मीटर, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. इकडे अकोले तालुका, पलीकडे उतरलं की इगतपुरी. ट्रेकर मंडळींना हा आकडा तोंडपाठ असतो. पायथ्याच्या बारी गावात मात्र आकडा कोणी काढत नाही. तिथे डोंगराला नुसतं 'बाई' म्हणतात.

[उजाडतं. कातळाचे थर, मधल्या पट्ट्यांवर पिवळी सोनकी.]

हे थर नीट बघा. लाव्हा आला, थिजला, त्यावर पुन्हा आला. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा बसाल्ट. कठीण थराचा कडा झाला, ठिसूळ थर झिजून त्याची सपाटी झाली. म्हणून ही चढण एकसारखी नाही. एक टप्पा छाती फोडतो, पुढचा दम खाऊ देतो. शिड्या आल्या त्या कड्यांवर. त्याआधी लोक खोबणीत बोटं घालून, साखळीला धरून जात.

आणि त्याच्याही आधी, म्हणतात, एक पोरगी एकटीच वर गेली.

तिचं नाव कळसू. कोळ्याची पोर, रानात भटकायची भारी हौस. फिरत फिरत पायथ्याच्या इंदोऱ्याला आली आणि एका कोळी घरात कामाला राहिली. पण राहण्याआधी अट घातली. पडेल ते काम करीन, फक्त भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरच्यांनी कबूल केलं. दिवस बरे चालले होते. मग एक दिवस घरातल्या कोणीतरी सांगितलं, तेवढी भांडी घास, तेवढा केर काढ.

तिनं भांडण केलं नाही. भांडी घासली, केरही काढला. आणि त्याच पावली डोंगर चढून माथ्यावर गेली ती कायमची. मरेपर्यंत खाली उतरली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला ती काळदरा. दोन्ही नावं अजून आहेत. आपल्याकडे देवी राक्षस मारते, डोंगर फोडते. ही देवी कशावरून झाली, तर दिलेला शब्द घरच्यांनी मोडला म्हणून. आम्हाला तरी दुसऱ्या कुठल्या देवीची अशी गोष्ट ठाऊक नाही.

[माथा. शेंदरी रंगाचं देऊळ, बाहेर रांग.]

देऊळ एवढंसंच. आत तीन माणसं वाकली की चौथ्यानं बाहेर थांबायचं. ही बाई बघा, हिरव्या बांगड्यांचा जोड पदराच्या टोकातून सोडवतेय. गाठ पक्की बसलीय, दातांनी सोडवावी लागली. एक बांगडी मधेच पिचली, ती तिनं बाजूला ठेवली आणि उरलेल्या वाहिल्या.

[ड्रोन माथ्याभोवती फिरतो.]

पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. दक्षिणेकडे रतनगडाचा खुटा नावाचा सुळका आणि धुकं हटलं की हरिश्चंद्रगड. हा सगळा मुलूख 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. साधारण 361 चौरस किलोमीटर. बिबट्या आहे, शेकरू आहे. आणि माणसंही आहेत. खाली दिसतात ती भातखाचरं महादेव कोळ्यांची. भात आत्ता निसवलंय.

ते पाणी भंडारदऱ्याचं. 1910 साली काम निघालं, 1926 साली दगडी भिंत पुरी झाली आणि गव्हर्नर विल्सनचं नाव लागलं. धरणाची साठवण 11 टीएमसी, म्हणजे 11 अब्ज घनफूट. रतनगडाच्या कुशीत उगवणारी प्रवरा इथे अडते, पुढे कालव्यांतून संगमनेर-श्रीरामपूरच्या उसाला जाते. बारीच्या अंगाचं पाणी कृष्णवंतीतून त्याच प्रवरेला मिळतं. पाऊस डोंगरावर, साखर खाली. उन्हाळ्यात डोंगरावरच्या वाड्या झऱ्याशी हंडे लावून बसतात, ते वेगळंच.

[शिडीखालची सपाटी. बांबू आणि ताडपत्रीची दुकानं.]

काकडी, लिंबू सरबत, ताक, मॅगी. यातली एकूण एक वस्तू बारीच्या बायकांनी डोक्यावरून वर आणलीय. पाण्याच्या बाटल्यांचे खोकेसुद्धा. काकडी उभी चिरायची, तिखट-मीठ भरायचं, कागदावर द्यायची. हात थांबत नाहीत. पाणी विकणं बंद करा, कचरा आपोआप कमी होईल, असं सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यातले बहुतेक इथेच बाटली विकत घेतात.

रिकाम्या बाटल्या मग कारवीच्या जाळीत, कपारीत, थेट दरीत. पावसाबरोबर त्या खाचरात उतरतात.

कळसूनं ज्या दोन कामांना नकार दिला, त्यातलं एक आज तिच्या डोंगरावर याच बायका करतात. धंदा आवरला की गोणी उघडायची. बाटलीचं झाकण काढायचं, टाचेखाली चेपायची, हवा परत शिरू नये म्हणून झाकण पुन्हा घट्ट. अशा चेपल्या की एका गोणीत दुपटीनं मावतात. गोणी भरली तरी हलकीच असते, पण फुगते, आणि शिडीच्या कठड्यात अडकते. म्हणून ती आधी दोरीनं खाली सोडतात. मागून या उतरतात, डोक्यावर मोकळं पातेलं घेऊन.