आत्याला गाडी दिसली होती

श्रोतेहो, नमस्कार.

माझी आत्या सुळग्याला असते. वय ७६. दर संकष्टीला हिंडलग्याच्या गणपतीला जायचं, हा तिचा लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. गेल्या पावसाळ्यात दर्शन घेऊन परतीची बस धरायला ती वेंगुर्ला रस्ता ओलांडत होती आणि एका दुचाकीनं तिला उडवलं. उजवा खुबा मोडला. दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसले होते, तेव्हा ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "गाडी दिसली होती गं मला. लांब होती. एवढ्यात येईल असं वाटलं न्हाई."

मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. हाडं मोडलेल्या माणसांना पलंगावरून उठवून पुन्हा चालतं करायचं, हे काम करत बावीस वर्षं झाली. त्यामुळं आत्याचं वाक्य मला नवीन नव्हतं. शहापूरच्या एका विणकर आजोबांनी तेच सांगितलं होतं. निपाणीत तंबाखूच्या वखारीत जन्म घालवलेल्या एका मावशींनीही तेच. आणि दर वेळी पलंगाच्या पायथ्याशी उभं असलेलं घरचं कुणीतरी म्हणतं, "बघून चालत नाहीत हो, कितीदा सांगितलं." ते ऐकून मला वाईट वाटतं. कारण बघितलेलं असतं. माझ्या आत्यानं दोन्हीकडं बघितलं होतं.

गाडी किती लांब आहे, हे म्हातारपणीही बऱ्यापैकी कळतं. ती किती जोरात येतेय, हे कळणं मात्र अवघड होत जातं. वय झालेला माणूस मुख्यतः अंतरावर भरवसा ठेवतो. गाडी लांब आहे, म्हणजे आपल्याला वेळ आहे. या रस्त्यांवरून बैलगाड्या, सायकली आणि दिवसातून चार-दोन बस जायच्या, तेव्हा हा अंदाज बरोबर ठरायचा. त्यात मोतीबिंदू असला तर रात्री हेडलाइटचा नुसता फुटलेला उजेड दिसतो. मान आखडली असली तर मागं बघायला सगळं अंग वळवावं लागतं. आणि एकदा पडलेल्या माणसाची नजर गाड्यांकडं राहत नाही, ती पायाखाली जाते. खड्डा, खडी, चिखल. आमच्या रस्त्यांवर पायाखाली न बघून चालणार तरी कसं?

थोडा हिशेब सांगते, तेवढा ऐकाच. पादचाऱ्यांसाठी मापं ठरवताना इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था माणसाचा चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरते. सत्तरीच्या पुढचे माझ्याकडं येणारे बहुतेक जण सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास चालतात. सात मीटर रुंदीचा रस्ता तरुण माणूस सहा सेकंदांत ओलांडतो, आत्यासारखीला नऊ सेकंद लागतात. आता ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढं सरकते. म्हणजे आत्यानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा गाडी दीडशे मीटर लांब असली, तरी ती पलीकडं पोचायच्या वेळेला गाडी तिच्या अंगाशी आलेली असते. दीडशे मीटरवरची गाडी बघून कोण थांबेल? मीही थांबणार नाही. माझ्यात आणि तिच्यात फरक एवढाच, की मी तोपर्यंत पलीकडच्या बाकावर बसलेली असेन.

म्हणूनच म्हातारी माणसं बहुतेक वेळा रस्त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात सापडतात. पहिला अर्धा नीट पार झालेला असतो. मोठ्या रस्त्याच्या मधे चार माणसं उभी राहतील एवढा उंचवटा असला, की एकदा एकीकडं बघून अर्धा रस्ता आणि मग दुसरीकडं बघून उरलेला, असं जमतं. देवळाच्या, बाजाराच्या, बस थांब्याच्या समोर हे व्हायला हवं. श्रावणी सोमवारी कपिलेश्वराला येणाऱ्या बायका बघा, निम्म्या तरी साठीच्या पुढच्या असतात.

गाडी चालवणाऱ्यांना एक सांगते. ताशी ५० किलोमीटरच्या ऐवजी ६५ नं मोटार धडकली, तर पायी माणूस मरण्याचा धोका साडेचार पटीनं वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हाताऱ्या हाडांना तर ५० सुद्धा फार. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर पायी चालणारी ३२,८२५ माणसं गेली. तुमची पाच मिनिटं वाचतील, मान्य. पण समोर पांढरे केस दिसले की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. आणि लांबून हॉर्न ठोकत येऊ नका. हॉर्नला दचकून म्हातारा माणूस रस्त्याच्या मधेच थांबतो किंवा उलटा फिरतो, आणि तुम्ही वळवलेल्या गाडीसमोरच येतो.

आता आजी-आजोबांनो, तुमच्यासाठी. शाळेत आपल्याला शिकवलंय, "डाव्या बाजूनं चाला." तुम्ही तेच इमानानं करत आलात. पण ते गाड्यांसाठी आहे. जिथं फूटपाथ नाही, खानापूर-जांबोटीकडचा रस्ता असो नाहीतर शेताकडं जाणारा, तिथं उजव्या कडेनं चाला. म्हणजे जवळच्या बाजूची गाडी समोरून येते आणि दिसते. डाव्या कडेनं चालताना ती पाठीमागून येते. हे मी सांगितलं की आमचे आबा लोक माझ्याशी भांडतात, "साठ वर्षं डावीकडनं चाललो, काय झालं न्हाई." पूर्वी पाठीमागून येणाऱ्या बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज यायचा. आता बॅटरीवरची स्कूटर शेजारी येईपर्यंत कळत नाही.

ऊस हंगामात जास्त जपा. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, वर टेपचा आवाज. त्याला ओलांडायला मागची गाडी उजवीकडं सरकते, नेमकी तुमच्या अंगावर. ट्रॅक्टर दिसला की रस्ता सोडून खाली उतरा, तो आणि मागच्या गाड्या जाऊ द्या. धोतर-टोपीवाले आजोबा अंधारातही दिसतात. काळं घोंगडं आणि गडद लुगडं दिसत नाही. खांद्यावर पांढरा टॉवेल टाका, हातात बॅटरी धरा.

एवढं करूनही अपघात झालाच, तर पडलेल्या माणसाला दोन्ही बगलेत हात घालून उभं करू नका. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलंय, तर खुबा मोडला असं समजा. पाय आहे तसा ठेवा, १०८ ला फोन करा. कन्नड येत नाही म्हणून अडू नका, शेजारी उभ्या असलेल्याच्या हातात फोन द्या. पाणी, चहा पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं. हाडवैद्याकडं नेऊन पट्टी बांधून चार दिवस घालवलेली माणसं मी बघितलीत. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावं आणि दुसऱ्या दिवशी माणूस बसता व्हावा. नाहीतर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. हाडापेक्षा पलंग जास्त माणसं नेतो.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर बाहेरून खरचटल्याइतकंच दिसलं तरी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. मेंदूभोवती रक्त हळूहळू साठतं. दोन-तीन आठवड्यांनी आजी गोंधळल्यासारखं बोलायला लागते, सारखी झोपते, आणि घरचे म्हणतात वयामुळं झालं. तसं म्हणू नका, तपासून घ्या.

आणि मदत करायला घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर त्यासाठी खटला होत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत ठरवून दिलेल्या दवाखान्यांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार विनारोख होतात, तेव्हा पोलिसांत नोंद करायला विसरू नका. धडकून गाडी पळाली तरी गंभीर जखमीला ५० हजारांची भरपाई मिळते. आत्याला उडवणारा थांबला नव्हता. तिला उचलून नेलं ते देवळासमोर हार विकणाऱ्या एका मुलानं.

घरच्यांना मात्र माझं कळकळीचं सांगणं आहे. बरं झाल्यावर त्यांना घरात कोंडू नका. "आता कुठं जायचं नाही" म्हटलं की सहा महिन्यांत मांड्या वाळतात, तोल जातो, आणि पुढचं पडणं न्हाणीघरात होतं. माझ्या आतेभावानंही हेच ठरवलं होतं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. शेवटी त्यानंच काठी आणून दिली.

आत्या आता चालते. गेल्या संकष्टीला मी तिच्याबरोबर हिंडलग्याला गेले होते. हात धरू देत नव्हती, म्हणून मी चार पावलं मागं राहिले आणि घड्याळ बघितलं. हिरवं लुगडं, डाव्या हातात काठी. रस्ता ओलांडायला तिला आता बारा सेकंद लागतात.