पुंगलीचा पूल

नमस्कार मंडळी. कमांडो म्हटलं की पिळदार दंड, तोंडाला काळं फासलेलं, दोन्ही हातात बंदुका असं काहीतरी आपल्या डोळ्यासमोर येतं. आज मी तुम्हाला छत्रीधारी सैनिकांबद्दल सांगणारे, म्हणजे पॅराट्रूपर, विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारणारे, आणि खरं सांगायचं तर मला एका पुलाबद्दलच सांगायचंय.

आपल्याकडे छत्रीदल सुरू झालं १९४१ साली, दिल्लीत, ५० पॅराशूट ब्रिगेड (ब्रिगेड म्हणजे तीन-चार पलटणींचा गट). पुढे १९५२ ला पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा पहिल्या तीन पलटणींमधली एक होती आपली थ्री मराठा, मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. थ्री मराठा झाली टू पॅरा. हे लक्षात ठेवा मंडळी, थ्री मराठा म्हणजेच टू पॅरा, पुढे लागणारे. आणि ही पलटण कुठली? तर नाईक यशवंत घाडगेंची! आपल्या रायगडातल्या माणगाव तालुक्याचा पोरगा. १० जुलै १९४४, इटलीत सगळे सोबती पडले, तर एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला, गोळ्या भरायला वेळ नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढला आणि ठाणं घेऊन तिथेच गेला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मरणोत्तर.

ट्रेनिंगचं म्हणाल तर पहिली गोष्ट, इथे हुकमाने कुणाला पाठवत नाहीत, स्वतः हात वर करावा लागतो. मग प्रोबेशन, म्हणजे पारखून घेण्याचा काळ, पाठीवर ओझं, झोप कमी, चालणं जास्त, आणि नाही जमलं तर आपल्या जुन्या पलटणीत परत. त्यानंतर आग्रा, उड्या शिकवणाऱ्या शाळेत. तिथे विमानात बसवायच्या आधी जमिनीवरच उड्या मारून घेतात, रोज, कंटाळा येईपर्यंत. पाय जोडलेले, गुडघे जोडलेले. परत सांगतो, पाय जोडलेले, गुडघे जोडलेले, कारण एक पाय आधी टेकला तर मोडलाच म्हणून समजा. मग खऱ्या पाच उड्या, त्यातली एक रात्री, तेव्हा कुठे विंग, म्हणजे पंखांचा बिल्ला मिळतो. ही सगळी अंगाला लावलेली सवय आहे, आणि म्हणूनच मला आपल्या शाळांचा राग येतो, पीटीचा तास आला की गणिताचे सर वर्गात हजर, पोरांना पळू देत नाहीत आणि मग सतराव्या वर्षी भरतीसाठी अकॅडमी शोधत फिरायचं! असो.

तर तो पूल. ११ डिसेंबर १९७१, बांगलादेशची लढाई चाललीय. जमालपूर-मैमनसिंगकडची पाकिस्तानी ब्रिगेड ढाक्याकडे माघार घेत होती, आणि ती ढाक्यात पोचली की ढाका घेणं महागात पडणार. वाटेत टांगाइलजवळ लोहाजंग नदीवर एक पूल, पुंगलीचा पूल. तो धरला की रस्ता बंद. काम दिलं टू पॅराला, कर्नल कुलवंतसिंग पन्नू कमांडर.

दुपार कलताना विमानं आली, पॅकेट, डकोटा, कॅरिबू, एएन-१२, मिळेल ते सगळं. दारं उघडी, इंजिनाचा कानठळ्या बसवणारा आवाज, लाल दिवा, मग हिरवा, आणि एकामागून एक, एकामागून एक माणसं बाहेर. खाली शत्रूचा मुलूख, हवेत एखादं मिनिट, आणि जमिनीवर काय तर शेतं आणि तळी. काही सामान गेलं तळ्यात! आणि मंडळी, माझ्या अंगावर काटा येतो तो इथे. गावातली माणसं धावत आली, घाबरून पळाली नाहीत, धावत आली, जय बांगला, जय बांगला करत, तळ्यातून सामान काढायला लागली, डोक्यावर पेट्या घेऊन जवानांबरोबर चालायला लागली. त्या गावकऱ्यांना कुणी ट्रेनिंग दिलं होतं?

अंधार पडल्यावर पूल हातात आला. रात्री उत्तरेकडून पाकिस्तानी तुकडीच्या गाड्या आल्या, पुढे कोण बसलंय याचा पत्ता नाही, आणि थेट पुलावरच्या माऱ्यात सापडल्या. परत आले, परत हाणले. पूल सुटला नाही. तिकडे जगभर बातमी गेली की भारताने अख्खी ब्रिगेड उतरवली, पाच हजार माणसं. होती एक पलटण आणि तिच्या मदतीच्या तुकड्या!

आणि दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला संध्याकाळी, जमालपूरची लढाई मारून रस्त्याने खाली येत पुलावर कोण पोचलं माहितीये? वन मराठा, जंगी पलटण. टू पॅरा म्हणजे कोण, सांगितलं होतं ना, मूळची थ्री मराठा. म्हणजे आभाळातून आलेली एक मराठा पलटण आणि रस्त्याने आलेली दुसरी मराठा पलटण, घरापासून हजारेक मैल लांब, बंगालातल्या एका पुलावर भेटल्या!

१६ डिसेंबरला सकाळी मीरपूरच्या पुलावरून ढाक्यात सगळ्यात आधी शिरली ती टू पॅराच.

मुंबई-गोवा रस्त्याने जाताना माणगाव लागतं, बहुतेक सगळे तिथे चहाला थांबतात. तिथे घाडगेंचा पुतळा आहे. पोरांना घेऊन पाच मिनिटं तिकडे जा, आणि पुंगलीच्या पुलाचंही सांगा त्यांना, पलटण तीच आहे. नमस्कार.